कान नसलेल्या मुलीचा गाण्याचा अभ्यास

आई,

तू ज्याला आयुष्यभर "बँड" म्हणत आलीस, त्या गाण्याचा मी सध्या रीतसर अभ्यास करते आहे. चुकून नाही, आणि वेळ जात नाही म्हणूनही नाही. मुद्दाम. तुला सर्वांत जास्त राग येईल असं काय शिकता येईल याचा नीट विचार करून मी हा विषय निवडला. तू गेल्याला आता बरीच वर्षं झाली, तेव्हा तुला राग येण्याची सोय उरलेली नाही हे मला समजतं; पण सूड घेणाऱ्याने समोरच्याच्या सोयीचा इतका विचार करत बसलं तर सूड कधी व्हायचेच नाहीत.

एका परदेशी कॉलेजचा हा ऑनलाइन अभ्यासक्रम आहे, अगदी पहिल्या पायरीचा. पाश्चात्य अभिजात संगीताची ओळख आणि रसग्रहण. "ज्यांना काहीही येत नाही त्यांच्यासाठी" असं त्यांच्या माहितीपत्रकात चक्क लिहिलं होतं. तुझ्या वर्गाच्या दारावर असं कधी लिहिलं असतंस का? तुझ्याकडे, ज्यांना आधीच येतं त्यांनाच शिकवायची पद्धत होती. शनिवारी संध्याकाळी मी लॅपटॉप उघडून बसते, ऑफिसच्या मीटिंगांचा हेडफोन कानांवर चढवते, आणि त्यांच्या सकाळच्या उन्हात बसलेले एक प्राध्यापक पडद्यावर येतात. साठीचे असावेत, काठीसारखे सडसडीत. त्यांच्या मागे पियानो आहे आणि पियानोवर बहुतेक वेळा त्यांचं मांजर झोपलेलं असतं. वाद्यावर मांजर! तेवढ्यावरच तू उठून गेली असतीस. मी मात्र वही काढून अधिक सरसावून बसले.

आम्हाला संस्कृत शास्त्रांत शिकवलेलं आहे की खंडन करायचं तर आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, प्रामाणिकपणे मांडावा. तेव्हा तुझा पूर्वपक्ष मांडते. मी नऊ-दहा वर्षांची असेन, आपण पुण्याच्या कॅम्पात माझ्या शाळेच्या बुटांसाठी गेलो होतो. परतताना एका जुन्या दगडी हॉलच्या उघड्या खिडक्यांतून व्हायोलिनं ऐकू आली, खूपशी, एकदम. कसली तरी तालीम चालली असावी. तू थांबलीस. मला वाटलं तुला आवडलं, म्हणून मीही माझी बुटांची पिशवी खाली ठेवली. तू जेमतेम मिनिटभर ऐकलंस आणि म्हणालीस, "सगळे एकदम बोलतायत. ऐकायचं कुणी?" मग दोन पावलं चालून, जणू निकालपत्रात एक कलम राहिलं होतं, "आणि कागद बघून वाजवतात. वारा सुटला की गाणं बंद." खिडकीतून येणारा तो आवाज मला कोपऱ्यापर्यंत ऐकू येत राहिला. मागे वळून बघायची छाती झाली नाही, कारण तू निकाल दिलेला होतास आणि आपल्या घरात अपील नव्हतं.

आपल्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत तुझा वर्ग, आतल्या खोलीत संसार. वर्गाच्या वेळात मीही तुला बाई म्हणायचं आणि अहो-जाहो करायचं, असा नियम. एकदा भुकेने जीव जायला लागला म्हणून मी नियम विसरून "आई" अशी हाक मारली, तर पेटीवरची मान न वळवता तू म्हणालीस, "आई वर्ग सुटल्यावर." मुली हसल्या. तुझा विनोद चांगला होता, हे मी तेव्हाही मान्य केलं होतं. विनोदाने पोट भरत नाही एवढंच. नंतर एका संध्याकाळी तू मला त्या मुलींच्या रांगेत बसवलंस. तानपुरा वाजत होता. तू सा दिलास, मी घेतला, आणि तो माझ्याकडून वाटेत कुठेतरी सांडला. पुन्हा दिलास, पुन्हा सांडला. तू रागावली नाहीस. रेशनच्या दुकानात तांदूळ संपल्याचं सांगतात त्या आवाजात म्हणालीस, "हिला गळा नाही." आणि मला, "तू संस्कृत घे. तिथं उच्चार शुद्ध असला की भागतं." माझा पुढचा सगळा शैक्षणिक इतिहास हा या एका वाक्यावरचं भाष्य आहे. पण त्याबद्दल माझी तक्रार नाही, आई. गळा मला खरोखरच नव्हता, नाही, आणि होणार नाही. आरतीत माझ्या शेजारी उभे राहणारे लोक पुढच्या वर्षी दुसरीकडे उभे राहतात. हा सूड गळ्याचा नाही.

गळा नाही म्हणून तू मला रांगेतून उठवलंस, पण दोन खोल्यांच्या मधल्या उंबऱ्यावर बसून ऐकायला तुझी हरकत नव्हती, हात रिकामे नसले म्हणजे झालं. म्हणून मी भाजी निवडत ऐकायचे. मला आजही राग भाज्यांवरून आठवतात. यमन म्हणजे गवार मोडणं, बिहाग म्हणजे मटार सोलणं. तू मुलींना एकच जागा पुन्हा पुन्हा घ्यायला लावायचीस, आणि कुठल्या मुलीची जागा कुठे चुकते ते मला मटाराच्या शेंगेवरून नजर न हलवता कळायचं. कुणाला सांगावं असं मात्र कधी वाटलं नाही. ज्याला आपण ऐकणं म्हणतो ते सगळ्यांनाच तसंच येत असणार, अशी माझी समजूत होती. त्या उंबऱ्यावर मी सुखात होते. एवढं लिहून ठेवते, कारण पुढे त्याची गरज लागणार आहे.

मग ती गुरुपौर्णिमा. जवळच्या शाळेचा हॉल घेतला होता, सतरंज्या घातल्या होत्या, दुपारची वेळ. तुझी थोरली शिष्या तानपुऱ्यावर होती, जी नंतर लग्न होऊन हडपसरला गेली आणि जिला मी ताई म्हणते. सगळ्या मुलींचं झाल्यावर शेवटी तू गायला बसलीस, भीमपलास. मी दाराशी चहाच्या कपांचा ट्रे घेऊन उभी, कारण कप वाजू न देता उभं राहण्याची कला मला येते अशी माझी ख्याती होती. तू वर चढत गेलीस, तार षड्जापाशी आलीस, तिथून खाली निषादाकडे अशी काही वळून आलीस आणि पुन्हा वर जाऊन उभी राहिलीस की माझ्या तोंडून मोठ्याने गेलं, "वा!" सम अजून लांब होती. हॉलमध्ये दुसरं कुणीही काही बोललं नव्हतं. तबलेवाल्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी हसू दाबलं. तू गात राहिलीस, पण माझ्याकडे एकदा बघितलंस, आणि ते बघणं माझ्या पोटात अजून तसंच ठेवलेलं आहे.

घरी आल्यावर तू जरीची साडी न बदलता, पदर खोचून कुकर लावायला घेतलास. तुझी पाठ माझ्याकडे. "दाद समेवर द्यायची असते. मधेच ओरडायला तू काय भाजीच्या गाडीवर उभी होतीस?" मी म्हटलं, "पण मला आवडलं." "काय आवडलं?" मला शब्द सापडेनात. मी हाताने हवेत काहीतरी दाखवलं, जे तुला पाठीने दिसणं शक्य नव्हतं, आणि म्हटलं, "ते तू खाली जाऊन आलीस ना, ते." झाकण लावता लावता तुझा हात थांबला. मग शिट्टी जागेवर बसवून तू म्हणालीस, "तुला कानच नाहीत. गळा नसलेल्याला निदान ऐकता येतं. तुला तेही नाही. कान नसलेल्यांनी तोंड मिटून बसावं." दुसऱ्या दिवसापासून वर्गाच्या वेळी मधल्या दाराला कडी लागायला लागली. वर्गाच्या बाजूने.

यानंतर ज्याला लोक आयुष्य म्हणतात ते झालं. देशाची दारं उघडली असं वर्तमानपत्रांत रोज यायचं त्या वर्षांत आपल्या मधल्या दाराची कडी मात्र पक्की होती. मी संस्कृतात एम.ए. झाले. त्या वेळी तू मला मोत्यांच्या कुड्या आणल्यास. कान नसलेल्या मुलीला कानातले. मी खूप दिवस त्यांच्याकडे बघून ठरवत होते की हा विनोद आहे का, आणि असला तर कुणावर. आपल्या खालच्या मजल्यावर कॉम्प्युटरचा क्लास निघाला तेव्हा तुझ्या मुली एकेक करून एक मजला खाली उतरायला लागल्या. "आई म्हणते गाणं नंतरही शिकता येईल," असं त्यातली एक दारातूनच सांगून गेली, तेव्हा तू अर्धा तास तानपुरा जुळवत बसली होतीस. कुणी येणार नव्हतं तरी. मला तुझी दया आली असेल असं तुला वाटत असेल तर तसं नाही. मी कडीच्या अलीकडे बसून, आता तरी कडी निघते का, याची वाट बघत होते. निघाली नाही. पुढे एका सॉफ्टवेअर कंपनीला, यंत्रातलं माणसाला समजेल असं लिहून देणारी माणसं हवी होती. मुलाखतीत त्या पोराने विचारलं, "मॅडम, संस्कृतचा इथे काय उपयोग?" मी म्हटलं, "थोडक्यात लिहायला शिकवतं, आणि थोडक्यात लिहिलेल्यावर हजार पानं लिहायलाही." त्याने मला घेतलं. खराडीला तेव्हा एक काचेची इमारत होती आणि बाकी सगळी ज्वारी. धायरीला आपण मोठं घर घेतलं, तुझ्या वर्गासाठी वेगळी खोली ठेवली. त्या खोलीला तू पहिल्याच आठवड्यात सुतार बोलावून कडी बसवून घेतलीस.

पण कान नसणं म्हणजे नक्की काय असतं ते तुला कुणी विचारलं नाही, म्हणून मी सांगते. थंडीतल्या मोठ्या संगीत महोत्सवाला अख्खं पुणं शाली पांघरून जातं, तशी मीही जात आले, ऑफिसच्या लोकांबरोबर. सतरंजीवर बसून मी गाणाऱ्याकडे कधी बघितलं नाही. पुढच्या रांगेत एखादे पिकल्या केसांचे जाणकार हेरायचे आणि त्यांच्या मानेवर नजर ठेवायची. ती मान डोलली की क्षणभर थांबून आपली डोलवायची. त्यांचा हात उठला की आपलं "क्या बात है" तयार ठेवायचं. आत कुठेतरी काही हललं, काही आवडलं, तर ते लगेच दाबून टाकायचं, कारण ज्याला कान नाहीत त्याला आवडलेलं चूकच असणार. इतकी वर्षं मी गाणं दुसऱ्याच्या मानेवरून ऐकलं, आई. आवडणं ही गोष्ट तू माझ्याकडून काढून घेतलीस. हा सूड त्याचा आहे.

म्हणून हे गाणं. इथे माझ्यापुढे कुणाची मान नाही. पडद्यावर सगळे चौकोनात, आणि त्यांच्या रिवाजाप्रमाणे गाणं चालू असताना पुतळ्यासारखे बसलेले. पहिल्या काही आठवड्यांत मला तुझ्या निकालपत्रातल्या पहिल्या कलमाचं उत्तर मिळालं. त्यांच्याकडे एक रचना असते. आधी एकच आवाज एक छोटं वाक्य म्हणतो. ते संपतंय तोच दुसरा आवाज तेच वाक्य जरा वरून म्हणू लागतो, पण पहिला गप्प बसत नाही, तो पुढे काहीतरी बोलतच असतो. मग तिसरा, मग चौथा. प्राध्यापक म्हणाले, "सुरुवातीला गोंधळ वाटेल, घाबरू नका." मी घाबरले नाही, मला घरी आल्यासारखं वाटलं. मूळ सूत्र चालू आहे, त्यावर भाष्य चालू आहे, भाष्यावर टीका, टीकेवर टिप्पणी, आणि सगळे एकाच वेळी वाचतायत, तरी कुणी कुणाचं वाक्य तोडत नाही. हेच तर मी पाच वर्षं शिकले होते, फक्त आमच्याकडे ते पानावर एकाखाली एक छापलेलं असायचं. सगळे एकदम बोलतात हे खरं आहे, आई. ऐकायचं कुणी, तर मी.

मग तो शनिवार आला. प्राध्यापकांनी चार तंतुवाद्यांची एक रचना लावली, संथ गतीची. त्याआधी मी एक शंका विचारली होती आणि माझा माइक बंद करायला विसरले होते. वरचं व्हायोलिन सुंदर काहीतरी म्हणत होतं, सगळ्यांचं लक्ष तिकडेच. मधे व्हायोला नावाचं एक वाद्य असतं, व्हायोलिनच्या थोरल्या भावासारखं, त्याच्याकडे कुणी बघत नाही. ते मघापासून एकाच सुरावर बसून होतं. बाकीचे तिघे आपापल्या जागी असताना तेवढं एकटं अर्धा सूर खाली उतरलं. आणि सगळ्याचा रंग पालटला, जसं कुणी न बोलता खोलीतला पडदा ओढावा. माझ्या तोंडून मोठ्याने गेलं, "वा!"

प्राध्यापकांनी ते थांबवलं. मांजरही उठलं. "कुणाला काही झालं का? कुणाला मदत हवी आहे का?" त्यांना वाटलं, कुणीतरी दुखण्याने ओरडलं. सगळे चौकोन माझ्याकडे बघायला लागले. माझं वय विसरून मी दोन्ही हात पुढे धरले, कपांचा ट्रे असल्यासारखे. मी इंग्रजीत सांगितलं की आमच्या गावात गाणं आवडलं की तिथल्या तिथे, तोंडावर सांगायची रीत आहे, क्षमा असावी. ते म्हणाले, "आमच्याकडे खोकलासुद्धा मध्यंतरापर्यंत राखून ठेवतात." मग पुढे झुकून, "पण थांबा. नेमकं काय ऐकलंत?" तोच प्रश्न, आई. काय आवडलं? या खेपेला माझ्याजवळ शब्द होते. मी म्हटलं, व्हायोला अर्धा सूर उतरलं आणि बाकीच्यांना न हलता बदलावं लागलं. त्यांनी तेवढाच तुकडा पुन्हा लावला, मग पुन्हा. मग बाकीच्यांना म्हणाले, "इथपर्यंत मी तुम्हाला शेवटच्या आठवड्यात आणणार होतो. या बाई आधीच पोचल्या आहेत." आणि मला, "कुणाकडे शिकलात?"

मी म्हटलं, कुणाकडे नाही. ते म्हणताना मला जो आनंद झाला तो तुला सांगण्यासाठीच हे सगळं लिहिते आहे.

वर्ग संपल्यावर मी हडपसरला ताईला फोन केला. तुझ्यानंतर ही बढाई मारण्याजोगं दुसरं माणूस उरलेलं नाही. ताई आता सत्तरीला टेकली आहे, अजूनही चार मुलींना शिकवते.

मी म्हटलं, "ताई, मला कान आहेत."

"अगं, म्हणजे? डॉक्टरकडे गेली होतीस का?"

"गाण्याचे कान. परदेशातल्या प्राध्यापकाने सांगितलं आज."

"त्याला कशाला त्रास दिलास? मला विचारायचं. ते तर बाईंनाही ठाऊक होतं."

मी म्हटलं, बाई तर म्हणाल्या होत्या कानच नाहीत, त्या गुरुपौर्णिमेला, भीमपलासाच्या. ताईच्या घरी मागे कुणीतरी मिक्सर लावला होता, तो तिने ओरडून बंद करायला लावला.

"त्या दिवशी बाईंचा तार षड्ज उतरला होता," ती म्हणाली. "कणभरच. पण उतरला. मी तानपुऱ्यावर होते, मला तर अंगावर काटा आला. बाईंनी जोर नाही केला, तसाच तो निषादात सोडला, मिंडेत गुंडाळला आणि परत वर गेल्या. जसं काही मुद्दामच. आम्ही सगळ्या सतरंजीकडे बघत बसलो. गुरूचा सूर हलला की शिष्यांनी खाली बघायचं असतं, ते शिकवावं लागत नाही. आणि तू म्हणालीस वा!"

"मी सावरलं त्याला वा म्हणाले, ताई. मला ते खरंच आवडलं होतं."

"ते कळलं की गं आम्हाला. बाईंनाही कळलं. म्हणून तर! सावरलं म्हणजे आधी घसरलं होतं, हे तू भरल्या मैफलीत सांगितलंस. चहाचे कप हातात धरून." आणि मग, पोळीला तूप लावावं इतक्या सहज, "दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, कार्टीचे कान माझ्यापेक्षा तिखट आहेत, दार लावून घेत जा."

मी विचारलं, "हे तू मला इतकी वर्षं का नाही सांगितलंस?"

"बाई होत्या तेव्हा कसं सांगणार? आणि त्या गेल्यावर कशाला सांगायचं? तू तर तुझ्या संस्कृतात मजेत होतीस."

तर असं. तुला ठाऊक होतं. मी इतकी वर्षं समजत होते की तुझी चूक झाली. चूक माणसाला माफ करता येते, निदान त्याचा कंटाळा तरी येतो. पण तू चुकली नव्हतीस. तू ऐकणाऱ्याला पकडलंस आणि कडी लावलीस. तुला घाबरवणारं एकच माणूस घरात होतं आणि ते उंबऱ्यावर गवार मोडत होतं. हे कळल्यावर मला वाईट वाटायला हवं होतं. मला तसं काही झालं नाही. मी उठून आरशासमोर गेले आणि त्या कुड्या घातल्या.

ताईकडे त्या दिवसाची कॅसेट होती. तिच्या जावयाने ती फोनवर चढवून दिली. मग मी खरा सूड घेतला. एका रविवारी सकाळी दार बंद करून, हेडफोन लावून, प्राध्यापकांनी शिकवलेल्या रीतीने मी तुला ऐकलं. भक्तीने नाही, भीतीने नाही, एखाद्या परक्या बाईला ऐकावं तसं. आणि तुला सांगते, तू मध्यम प्रतीची गायिका होतीस. तुझी आलापी तीन-चार ठरलेल्या वाटांनी जाते आणि पाचवी वाट दिसली की तू वळतेस. तुझ्या ताना नेटक्या आहेत, आणि त्यापलीकडे काही नाहीत. लयीची तुला घाई असते. षड्ज उतरतो, ताई म्हणाली तसाच, कणभर. त्यानंतरची ती मींड, ते खाली जाऊन येणं, मात्र उत्तम आहे, त्या अख्ख्या तासातली सर्वांत उत्तम जागा. ती तुला सुचली कारण तू घाबरली होतीस. तिथे माझा आवाज येतो, बारीक, दाराच्या बाजूने. पोरीची जागा बरोबर होती, आई. समेची वाट बघायला ती थांबली असती तर ते खोटं झालं असतं. इतकं निर्विकारपणे तुझ्याबद्दल कुणी कधी बोललं नसेल. तुझ्या शिष्यांनी तर नाहीच. हे ऐकायला तू असायला हवी होतीस, या एका गोष्टीसाठी मला तुझं जाणं फार लागलं.

अभ्यासक्रमाच्या शेवटी एक निबंध लिहायचा होता, ज्या गाण्याने तुम्हाला ऐकायला शिकवलं त्याबद्दल. मी सगळी तयारी केली होती. कडी, कुकर, कॅसेट, सगळं क्रमाने मांडणार होते. एका परक्या देशात, परक्या भाषेत, तुझा निकाल लागणार होता आणि तुला अपील नसणार होतं. लिहायला बसले आणि पहिलं वाक्य लिहिलं गेलं की माझी आई मोठी गायिका होती. ते खोडून पुन्हा लिहावं असं दोनदा मनात आलं. खोडलं नाही. मग त्या मिंडेबद्दल लिहिलं, तिच्या आधी काय झालं ते सोडून. प्राध्यापकांनी निबंधाखाली बरंच कौतुक लिहिलं, आणि विचारलं की हे ध्वनिमुद्रण मिळेल का, पुढच्या तुकडीला ऐकवायला त्यांना फार आवडेल.

मी त्यांना कळवलं की कॅसेट जुनी होती, बुरशी लागून वाया गेली.

कॅसेट उत्तम आहे. पण त्या माणसाचे कान चांगले आहेत, तो उतरलेला षड्ज त्याला पहिल्याच ऐकण्यात कळला असता, आणि मग त्यांच्या रीतीप्रमाणे सभ्यपणे तो काहीच बोलला नसता. ते मला चाललं नसतं. तुला नावं ठेवायला मी आहे. मी एकटी पुरेशी आहे.